रस्ता सोडायचा नाही

आमच्या गच्चीवरून महामार्ग दिसतो. जळगावात तो शेकडो गच्च्यांवरून दिसत असेल, त्यात कौतुकाचं काही नाही. पण माझ्या नवऱ्याने त्या रस्त्यावर तीस वर्षं एसटी चालवली आणि तो रस्ता शेवटी जातो कुठे हे त्याला निवृत्त होईपर्यंत ठाऊक नव्हतं. पश्चिमेला साक्री, नवापूर, फार तर सुरत. पूर्वेला मलकापूर, नाहीतर अकोला. तिथे पोहोचायचं, डेपोच्या नळावर तोंड धुवायचं, गाडी वळवायची आणि परत. मी त्याला चिडून म्हणायचे की तुमचा जन्म झोपाळ्यावर गेला, पुढे गेल्यासारखं वाटतं आणि मागेच येता.

निवृत्तीनंतर एका दुपारी तो मोबाईलवरचा नकाशा बोटाने सरकवत बसला होता. मग एकदम मला हाक मारली.

"अगं, हा आपला रस्ता ओडिशात पारादीपला समुद्रापाशी सुरू होतो आणि पार हजीऱ्याला समुद्रापाशी संपतो. आपण मधल्या थांब्यावर राहतो."

त्याचा चेहरा पाहून मला कळलं की आता हा माणूस ऐकायचा नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही ऐकवायचं नव्हतं. अठ्ठावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, नकाशावर छडी फिरवून मुलांना दोन्ही समुद्र दाखवले, आणि स्वतः पाहिला होता तो फक्त एक, तोही लग्नानंतर दोन दिवस.

आम्ही एक जुनी व्हॅन घेतली. मागच्या सीटा काढून टाकल्या, सुताराकडून फळी बसवून घेतली, तिच्यावर गादी, तिच्याखाली गॅसची लहान शेगडी, तांदूळ, डाळ, मिसळणाचा डबा, पाण्याचे कॅन. तंबू हा माझा हट्ट. शाळेच्या सहली काढून काढून मी धर्मशाळांमध्ये आणि परगावच्या वर्गखोल्यांमध्ये इतकं झोपले होते की निदान एकदा तरी मला स्वतःच्या कापडाखाली झोपायचं होतं. नवरा म्हणाला, "व्हॅनमध्ये गादी असताना खाली ढेकळांवर कशाला?" मी म्हटलं, "तुम्ही झोपा गादीवर." शेवटी दोघंही तंबूत झोपायचो आणि गादीवर कुत्रं झोपायचं.

तिसरा प्रवासी म्हणजे हे कुत्रं. जातिवंत वगैरे काही नाही. मांजरापेक्षा थोडं मोठं, पाय आखूड, एक कान उभा, एक पडलेला. प्रवासात ते दोन सीटांच्या मधे बसायचं, अगदी कंडक्टरच्या रुबाबात. आम्ही दोघंही आत बसलो आणि दारं लागली की ते दोनदा भुंकायचं. नवरा त्याला डबल बेल म्हणायचा. ती झाल्याशिवाय तो गाडी हलवायचाच नाही.

निघण्याआधी त्याने वहीच्या पानावर टाइमटेबल लिहिलं. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सुटायचं. संध्याकाळी पाचला मुक्काम, जिथे असू तिथे. आणि सगळ्यात वर, खाली दोन रेघा मारून: रस्ता सोडायचा नाही. कोणाच्या घरी वळायचं नाही. आमच्याकडे हा नियम लिहूनच ठेवावा लागतो, कारण खान्देशात माणूस ओळखीच्या गावावरून नुसता जाऊ शकत नाही. भुसावळला माझी मावसबहीण, मुक्ताईनगरला त्याचा आतेभाऊ, मलकापूरला एका जुन्या कंडक्टरचं घर. एकेका ठिकाणी चहा घेतला तरी पारादीप यायला आंबे पिकले असते.

मी त्या नियमावर खुशीत मान डोलावली. मान डोलावताना मनात एक गोष्ट होती, पण ती शेवटच्या टप्प्यातली होती, आणि शेवटचं शेवटी पाहू असं मी स्वतःला सांगितलं.

ती गोष्ट म्हणजे माझी मोठी जाऊ. आम्ही तिला अक्का म्हणतो. धुळ्याच्या पुढे, कुसुंबा ओलांडून साक्रीकडे जाताना रस्त्यालगतच नवऱ्याचं मूळ गाव आहे. तिथे दीर आणि अक्का शेती करतात. त्या गावात मी सहा वर्षं पाऊल टाकलं नव्हतं. सुरतेला जायची वेळ आली तर मी रेल्वेने जायचे, अमळनेर, नंदुरबार करत. नवरा विचारायचा, "बस काय वाईट आहे?" मी म्हणायचे, "मला बस लागते." एसटीवाल्याची बायको, आणि हिला बस लागते.

झालं होतं ते असं. आमच्या मुलीच्या लग्नात, हळदीच्या दिवशी. आमच्या घरात पहिली हळद मोठ्या बाईने लावायची. सासूबाई गेल्यापासून ती मोठी बाई म्हणजे अक्का. त्या दिवशी अक्का मांडवाच्या मागे चुलीपाशी बसून मांडे करत होती. व्याही यायचे होते आणि आचाऱ्याच्या हातचे मांडे तिला पसंत नव्हते. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरायचा आणि तापलेल्या खापरावर अलगद टाकायचा, हे काम मधेच सोडून उठता येत नाही. इकडे व्हिडिओवाला ओरडत होता, उजेड चालला, उजेड चालला. मी घामाघूम झाले होते. शेजारी माझी सख्खी बहीण उभी होती. तिला म्हटलं, "लाव गं तू, होऊ दे सुरू." थोड्या वेळाने अक्का हाताचं पीठ पुसत मांडवात आली, तेव्हा पोरगी पिवळीधमक झाली होती.

अक्का परत चुलीपाशी गेली. राहिलेले सगळे मांडे केले, घड्या घालून टोपलीत रचले, वर स्वच्छ फडकं टाकलं, आणि न जेवता धुळ्याच्या शेवटच्या गाडीने निघून गेली. दुसऱ्या दिवशी लग्नाला दीर एकटेच आले. खाली मान घालून अक्षता टाकल्या आणि गेले.

चूक माझी होती हे मला हळदीच्याच संध्याकाळी कळलं होतं. पण अक्षतांच्या वेळी ती नाही हे पाहिलं आणि माझ्या चुकीच्या डोक्यावर माझा राग चढून बसला. माझ्या पोरीला तिने लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेलं, आणि तिच्या लग्नाला हिला थांबता येत नाही? मी फोन केला नाही. तिनेही केला नाही. भावाभावांचं मात्र चालू होतं, चोरून. नवरा "जरा दूध बघून येतो" म्हणून गच्चीवर जायचा आणि अर्ध्या तासाने यायचा. गच्चीवर कसलं आलंय दूध? पण मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

कुत्रंही त्याच संध्याकाळचं. अक्का गेली आणि मांडवाच्या कनातीखालून हे पिल्लू आत घुसलं. कुणीतरी मांड्याचा तुकडा टाकला, त्यावर ते कायमचं राहिलं. म्हणजे आमच्या भांडणाचं आणि कुत्र्याचं वय एकच.

आम्ही जानेवारीत निघालो. आधी पूर्वेला, कारण आधी लांबचा समुद्र पाहायचा आणि मग परत येताना आपल्या घरावरून पुढे दुसऱ्या समुद्राला जायचं, असं टाइमटेबल होतं. ते पहिले दिवस आठवले की मला अजून हसू येतं. नवरा सवयीने प्रत्येक बसथांब्यापाशी वेग कमी करायचा. विदर्भात एका थांब्यावर एक म्हातारबाबा पिशवी घेऊन खरंच गाडीपाशी आले आणि याने दारही उघडलं. पुढच्या गावापर्यंत सोडलं त्यांना. कुत्र्याने डबल बेल दिली तेव्हा बाबा इतके दचकले की पिशवीतली बोरं सीटखाली गेली.

लोक एकच प्रश्न विचारायचे: काय विकता? छत्तीसगडमध्ये एका बाईला वाटलं आम्ही गाद्या विकतो. पुढे ओडिशात एका देवळामागे तंबू लावला तर पुजाऱ्याला वाटलं आम्ही औषधवाले. मी हिंदीत सांगितलं की आम्ही फक्त रस्ता बघायला निघालोय. त्याने आतून आम्हाला भात आणि डाळ आणून दिली, बहुधा दया येऊन. महानदीच्या बाजूला एका सकाळी धुकं इतकं होतं की नवरा दहा पावलांवर दात घासत होता आणि मला फक्त खाकरण्याचा आवाज येत होता. मी शेगडीवर चहा ठेवला, कुत्रं माझ्या शालीत शिरलं, आणि मला वाटलं की आत्ता कुणी विचारलं, बाई काय हवंय, तर सांगायला काही सुचणार नाही.

रोज संध्याकाळी मुक्काम पडला की पुण्याहून मुलीचा व्हिडिओ कॉल यायचा. आमची चौकशी एका वाक्यात, कुत्र्याची दहा मिनिटं. कुत्रं पडद्याकडे ढुंकूनही बघायचं नाही, तरी हिला त्याचं शेपूट पाहायचं असे.

पारादीपला आम्ही समुद्र पाहिला. नवरा पँट वर करून गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिला. तीस वर्षं खाकी घातलेला माणूस लाटेला हात जोडून म्हणाला, "रामराम." कुत्रं लाटेवर भुंकलं, लाट आली तसं पळालं, लाट गेली तसं परत भुंकायला गेलं. आम्ही दोघं वाळूत बसून शेंगदाणे खात ते बघत राहिलो. मग उठलो, कपडे झटकले आणि परत फिरलो, कारण अजून अर्धा रस्ता बाकी होता.

येताना जळगाव लागलं. बाहेरच्या वळणरस्त्यावरून आमची पाण्याची टाकी दिसली. मी म्हटलं, "दोन मिनिटं थांबा, कुंड्यांना पाणी घातलंय का बघून येते." नवरा म्हणाला, "रस्ता सोडायचा नाही." आपल्याच घरावरून सरळ पुढे जाताना किती विचित्र वाटतं ते सांगता येणार नाही. मी मात्र आधीच असोद्याला माझ्या भावाला फोन करून ठेवला होता. माहेरची भरताची वांगी घेतल्याशिवाय मी जानेवारीत कुठेच जात नाही. भाऊ मोटारसायकलवर रस्त्याच्या कडेला वाट पाहत उभा होता. पिशवीभर हिरवी पांढुरकी वांगी आणि मागे बांधलेला पऱ्हाट्यांचा भारा, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर राहतात त्या वाळक्या काड्या. वांगं त्यांच्याच जाळावर भाजायचं, गॅसवर भाजलेल्याला आम्ही भरीत म्हणत नाही.

"घर चार पावलांवर आहे आणि बहीण रस्त्यावरून जाते," भाऊ म्हणाला. चेहरा पडला होता त्याचा.

"नियम आहे रे."

"कसला नियम? माहेराला नियम?"

मी त्याची समजूत घातली, पण पारोळ्यापर्यंत मला ते वाक्य टोचत राहिलं. टपावर पऱ्हाट्यांचा भारा, मागे वांगी, आणि समोर ऊन. एरंडोल गेलं, पारोळा गेला, धुळं गेलं. धुळ्याच्या पुढे मी बोलायची थांबले. कुत्र्यालासुद्धा कळलं असावं, ते माझ्या मांडीवर येऊन बसलं.

माझा हिशेब असा होता की आपण पाचच्या आत साक्री ओलांडू. गाव डावीकडे मागे पडेल, मी डोळे मिटून घेईन, झालं. पण त्या दिवशी नवऱ्याने दोनदा चहाला थांबवलं होतं. एकदा टायरात हवा बघितली. एकदा उगाच काच पुसली. गावाचा पिंपळ दिसला, आणि त्याने गाडी कडेला घेतली.

"काय झालं?"

"पाच वाजले."

"इथे?"

"पाच म्हणजे पाच. टाइमटेबल आहे."

तीस वर्षं गाडी वेळेवर पोहोचवणाऱ्या माणसाची वेळ चुकत नाही. मला सगळं कळलं आणि माझं डोकं फिरलं.

"मी गावात यायची नाही. सांगून ठेवते."

"कुठे म्हटलं ये? रस्ता सोडायचाच नाही. तंबू लाव." असं म्हणून त्याने खुंट्या आणि हातोडी माझ्या हातात दिली. इतका शांत की मला आणखी राग आला.

रस्त्यालगत गव्हाचं शेत होतं, कडेला थोडी मोकळी जागा. शेताचे मालक बांधावर बसले होते. नवऱ्याने हात जोडून विचारलं, "आबा, एक मुक्काम करू का?" आबा हो म्हणाले, मग डोळ्यांवर हात धरून नीट बघितलं.

"तू तं आम्हना गावना. तुना भाऊनं घर ते काय, दिखी ऱ्हायनं. आनि तू आठे तंबूमा झोपशी?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. "मना हातमा काय शे, आबा?"

मी हातोडी घेऊन खुंट्या ठोकायला लागले. प्रत्येक खुंटीत माझा राग जात होता. तंबू इतका ताठ कधीच उभा राहिला नव्हता. मग तीन दगड मांडले, पऱ्हाट्या पेटवल्या, वांग्यांना तेलाचा हात लावला आणि जाळावर ठेवली. म्हटलं, आपण आपलं खाऊ, सकाळी सहा दहाला निघू, कुणाला कळणारही नाही.

ही माझी चूक. अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवून मला एवढा भूगोल कळला नाही. छत्तीसगडमध्ये तंबू म्हणजे दोन येडे म्हातारे. इथे, भावाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, तंबू म्हणजे चावडीवर लावलेली पाटी. वांग्याची एक बाजू भाजायच्या आत सगळं गाव रस्त्यावर आलं. कांद्याच्या शेतातून परतणाऱ्या बाया थांबल्या. मोटारसायकली थांबल्या. कुणी दूध घेऊन आलं, कारण गावाच्या शिवेत पाहुणा तसाच झोपला तर नाव गावाला. कुत्रं प्रत्येकावर भुंकून भुंकून दमलं.

त्यातली एक बाई माझ्याजवळ येऊन उकिडवी बसली. माझ्या पायांकडे बघत म्हणाली, "आते गुडघा कसा शे तुना?"

"कुठला गुडघा?"

"अक्का सांगस ना. धाकलीना गुडघा दुखतस, बसमा बठता येत नही, म्हनीसन ती येत नही. सहा वरीस व्हयनात, बिचारी."

माझ्या हातातला चिमटा तसाच राहिला.

सहा वर्षं. प्रत्येक अक्षय्यतृतीयेला, प्रत्येक पोळ्याला, गावात कुणी विचारलं असेल की धाकली का आली नाही, तेव्हा अक्काने माझे गुडघे दुखवले होते. माझं नाव खाली पडू दिलं नव्हतं. भांडण तिने घराच्या उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नाही. आणि आज मी, धडधाकट, सगळ्या गावासमोर उकिडवी बसून, हातोडीने धाड धाड खुंट्या ठोकून तिला खोटं पाडलं होतं. मला इतकी लाज शाळेत, घरात, कुठेच कधी वाटली नव्हती.

उठून तिच्याकडे जायचं मी त्याच क्षणी ठरवलं. पण वांगी जाळावर होती. पऱ्हाट्यांचा जाळ भसकन चढतो. फिरवत राहिलं नाही तर एका बाजूने कोळसा आणि दुसऱ्या बाजूने कच्चं. मी नवऱ्याला म्हटलं, "तुम्ही पुढे व्हा, मी एवढी उतरवते आणि येते." तो हलला नाही. तो माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होता.

बांधावरून अक्का येत होती. डोक्यावर पदर, चाल तशीच भरभर, फक्त जरा वाळलेली. मागे दहा पावलांवर दीर. बाया बाजूला झाल्या. माझे दोन्ही हात काजळीने काळे, डोळ्यांत धूर, आणि ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

मला वाटलं आता ही जे बोलेल ते मी ऐकून घ्यायचं, एक अक्षर उलट बोलायचं नाही.

ती मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "गुडघा कसा शे?"

मी तिच्याकडे बघितलं. तिने डोळा लवू दिला नाही.

मी काळा हात गुडघ्यावर ठेवला. "दुखतोय अक्का. आज जरा जास्तच."

"माले समजनंच," ती बायांकडे वळून म्हणाली. "घरपर्यंत चालता येत नही तिले. म्हनीसन रस्तावरच थांबनी. जा वं तुम्ही, सैपाकना येळ व्हयना."

बाया गेल्या. मोटारसायकली गेल्या. आबा बांधावरून उठून विहिरीवरची मोटार बंद करायला गेले. दोघं भाऊ व्हॅनच्या पलीकडे जाऊन उभे राहिले, हवा भरलेल्या टायरात हवा बघत.

अक्का जाळाजवळ बसली. मी म्हटलं, "अक्का, ते हळदीचं..."

"वांगं जळी ऱ्हायनं."

मी वांगं फिरवलं. ती बघत राहिली. हात लावला नाही, सल्लाही दिला नाही. मी चारही वांगी उतरवून होईपर्यंत ती थांबली. मग एक वांगं पुढे ओढून सोलायला घेतलं. गरम साल बोटांनी काढत, खाली बघूनच तिने विचारलं, "एक बी मांडा फाटना व्हता का?"

"नाही. एकही नाही."

"व्याही काय म्हने?"

"म्हणाले, असे मांडे आमच्याकडे कुणाला जमत नाहीत."

"मंग," ती म्हणाली. साल बाजूला टाकली. "चुला कितला दूर व्हता? धा पावलं. हाक मारती तं उनी व्हती मी."

"चुकलं माझं." सहा वर्षं मी मनात केवढी भाषणं रचली होती. प्रत्यक्षात दोन शब्द निघाले, आणि मग मी काळ्या हातांनी तोंड झाकून रडायला लागले. धुराने नाही, सरळ रडले.

"मनं बी चुकनंच," अक्का म्हणाली. "अक्षताले थांबाले पाहिजे व्हतं. पोरनं काय चुकनं व्हतं?"

एवढ्यात कुत्रं व्हॅनखालून निघालं. सगळ्या गावावर भुंकलेलं ते तिचे हात हुंगून तिच्या पदरावरच आडवं झालं.

"हाई कोनं कुत्रं शे?"

"आमचंच. तुम्ही गेलात त्याच दिवशी मांडवात आलं."

अक्काने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "म्हंजे मना जागावर हाई!" आणि ती हसली. सहा वर्षांनी मी तिचा पडका दात पाहिला.

फोन वाजला. रोजची वेळ झाली होती. माझे हात काळे, म्हणून नवऱ्याने येऊन फोन माझ्यासमोर धरला. पडद्यावर मुलगी. "आई, काय झालं तुझ्या तोंडाला? बरं, कुत्रं दाखव." नवऱ्याने फोन वळवला. कुत्र्याचं शेपूट, त्याखाली हिरव्या लुगड्याचा पदर, आणि मग हळूहळू वर अक्काचा चेहरा.

पलीकडून बारीक आवाजात, "मोठी आई?"

"जाड व्हयनी वं तू," अक्का म्हणाली.

मुलगी हसायला लागली आणि हसता हसता तिचं रडू फुटलं. इकडे खिचडीसाठी मिसळणाचा डबा मी उघडून ठेवला होता. अक्काने त्यात बघितलं. अनामिका हळदीत बुडवली, फोन नवऱ्याच्या हातातून स्वतःच्या हातात घेतला आणि बोट वर धरून थांबली.

पुण्यात माझी पोरगी, ऑफिसात वीस माणसांना धाकात ठेवणारी, डोळे मिटून गाल पुढे करून बसली होती. अक्काने आधी एका गालावर बोट टेकवलं, मग दुसऱ्या. काचेवर दोन पिवळे ठिपके उमटले.

"आते व्हयनं लगीन," ती म्हणाली आणि फोन माझ्या मांडीवर ठेवला. मग उठली, पदराखालून कुत्र्याला अलगद बाजूला केलं. "चाल. घर चाल. तंबूले दोन्ही भाऊ राखतीन." आणि मोठ्याने, पलीकडच्या शेतात वाकून बघणाऱ्या बाईला ऐकू जाईल असं म्हणाली, "मना हात धर, गुडघा दुखस ना तुना."

नवरा व्हॅनला टेकून उभा होता. रस्ता सोडायचा नाही, असं काही तो बोलला नाही. मी भाजलेल्या वांग्यांची परात एका हातावर घेतली, दुसऱ्या हाताने अक्काचा हात धरला, आणि पार तिच्या घराच्या ओट्यापर्यंत, सगळं गाव दारात उभं असताना, माझ्या दोन्ही धडधाकट गुडघ्यांनी मी लंगडत चालले.